नवा मोबाईल घेताना: आधी गावातलं नेटवर्क, मग फोन

आपल्याकडे फोनला कंपनीच्या कराराची बेडी सहसा नसते. खरी बेडी हप्त्याची. ‘शून्य व्याज’ म्हटलं तरी बहुतेकदा प्रोसेसिंग फी लागते, शिवाय कार्डावरच्या हप्त्यात व्याजाच्या रकमेवर १८ टक्के जीएसटी. एकूण बेरीज रोख भावाशी ताडून पहा. हप्ता महिन्याचा आणि कापसाचा पैसा हंगामाचा, म्हणून शक्यतो चुकारा हाती आल्यावर रोखीनं घ्या.

मेळघाट, गडचिरोलीकडे कॅमेऱ्याआधी बँड, म्हणजे फोन कोणत्या लहरी पकडतो ते, बघा. ७०० मेगाहर्ट्झची लहर लांब जाते, भिंतीतूनही शिरते. बीएसएनएलच्या फोर-जीसाठी बँड २८ (हीच ७०० ची लहर) आणि १ हवेत. घरात अन् वावरात, दोन्हीकडे शेजाऱ्याच्या सिमवरून फोन लावून पहा. सिम बदलायचं तर नंबर तोच ठेवून पोर्ट होतं: ‘पोर्ट’ आणि नंबर इंग्रजीत लिहून १९०० वर पाठवा.

जुन्या फोनचं फक्त चार्जिंग लवकर उतरत असेल तर नवी बॅटरीच टाका, तेवढ्यानं भागतं. उन्हाळ्यात टिनाखाली चार्जिंगला ठेवला की बॅटरी फुगू शकते. फुगलेली मात्र एक दिवसही वापरू नका.

जुना फोन विकत घेताना *#०६# दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, बिलाशी जुळवा.