सौर ट्रेलरवरून बिनतारी इंटरनेट: आखणी आणि उभारणी

जिथे विजेचा भरवसा नाही आणि कायमचा मनोरा उभारण्याची सोयही नाही, अशा वस्तीला चाकांवरचा सौर संच इंटरनेट पुरवू शकतो. असा ट्रेलर बंद पडतो तो बहुधा लागोपाठच्या ढगाळ दिवसांत, पहाटेच्या सुमारास, बॅटरी संपल्यामुळे. म्हणून पॅनेल विकत घेण्याआधी विजेचा हिशेब कागदावर मांडावा.

समजा, दूरच्या केंद्राशी जोडणारा रेडिओ १० वॅट, वस्तीकडे वाय-फाय देणारे उपकरण १५ वॅट, राउटर १० वॅट आणि बाकीची किरकोळ साधने ५ वॅट घेतात. एकूण ४० वॅट हा भार चोवीस तास चालू राहिला, तर दिवसाला ९६० वॅट-तास, म्हणजे जवळजवळ एक युनिट वीज लागते. तीन दिवस ऊन नसले तरी चालावे, अशी अपेक्षा असेल तर २,८८० वॅट-तास हाताशी हवेत. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी ८० टक्क्यांपर्यंतच रिकामी करायची असे ठरवल्यास ती ३,६०० वॅट-तासांची, म्हणजे २४ व्होल्टची सुमारे १५० अँपिअर-तासांची घ्यावी लागते. पॅनेलचा हिशेब वर्षातल्या सर्वांत वाईट महिन्यावर करावा. त्या महिन्यात पूर्ण तीव्रतेचे ऊन रोज ३ तासांइतकेच मिळते आणि ३० टक्के वीज वाटेत वाया जाते असे धरले, तर रोजच्या गरजेपुरतेच साधारण ४६० वॅटचे पॅनेल लागते. रिकामी झालेली बॅटरी पुन्हा भरायची तर त्याहून जास्त हवे. ६०० वॅटच्या खाली जाऊ नये, असे माझे मत आहे. इन्व्हर्टर मात्र शक्यतो टाळावा, कारण नुसता चालू ठेवण्यातच तो १०-२० वॅट खाऊ शकतो. रेडिओला लागणारा व्होल्टेज डीसी कन्व्हर्टरने (बॅटरीचा व्होल्टेज कमी-जास्त करून देणाऱ्या उपकरणाने) थेट द्यावा.

ट्रेलरवर बॅटरीसारखे जड सामान आसाजवळ, किंचित पुढच्या बाजूला ठेवावे. मागे वजन गेले की ओढताना ट्रेलर डुलू लागतो. जागा निवडताना दूरच्या केंद्राचा मनोरा नुसता दिसणे पुरेसे नसते. ५ किलोमीटरच्या अंतरावर ५.८ गिगाहर्ट्झच्या लहरींना मध्यावर दृष्टिरेषेभोवती सुमारे ५ मीटरची मोकळीक लागते, त्यामुळे वाटेतल्या झाडाचा शेंडा रेषेच्या थोडा खाली असला तरी संदेश क्षीण होतो.

जागेवर पोहोचल्यावर आधी चाकांना अडण्या लावाव्यात, चारही जॅक खाली सोडून ट्रेलर समतल करावा आणि अर्थिंगचा गज जमिनीत ठोकावा. वर वीजतारा नाहीत याची खात्री करून मगच मास्ट, म्हणजे अँटेनाचा उंच खांब, वर न्यावा. तो ओळंब्यात आहे ना हे तपासून ताणाच्या तारा आवळाव्यात. उत्तर गोलार्धात पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून असतात, तेव्हा मास्ट त्यांच्या उत्तरेला राहील अशा बेताने ट्रेलर लावावा. मास्टची सावली अगदी हातभर असली तरी, एकापुढे एक जोडलेल्या सेलमुळे, पॅनेलचे उत्पादन तिच्या आकाराच्या मानाने कितीतरी जास्त घटते.

अँटेना जुळवताना घाई नडते. पडद्यावर संदेशाची ताकद उणे ७८ डीबीएम (हा आकडा शून्याच्या जितका जवळ, तितका संदेश जोरदार) दिसली, जोडणी झाली, म्हणून लगेच बोल्ट आवळले जातात. प्रत्यक्षात अँटेनाचा मुख्य झोत बाजूलाच राहिलेला असतो आणि जोडणी कडेच्या क्षीण झोतावर झालेली असते. म्हणून अँटेना आडव्या दिशेत दोन्ही बाजूंना अपेक्षेपेक्षा जास्त फिरवून सर्वांत मोठे शिखर शोधावे, मग तसेच वर-खाली करावे. उणे ६० डीबीएमच्या आसपास आकडा आला की बोल्ट एकाआड एक, थोडे थोडे आवळत पडद्यावर नजर ठेवावी, कारण आवळतानाच अँटेना अंशभर सरकते.

निघण्यापूर्वी बॅटरीचा व्होल्टेज दुरून वाचता येतो का, हे दुसऱ्या ठिकाणच्या माणसाला फोन करून त्याच्याकडून वाचून घ्यावे.