‘राइट’ या इंग्रजी आडनावाचा अर्थ कसा लावावा आणि ते कसे वापरावे

‘राइट’ हे आडनाव कानावर पडले की ‘बरोबर’ किंवा ‘उजवा’ हे अर्थ सुचतात, आणि दोन्ही चुकीचे असतात. म्हणून आधी स्पेलिंग पाहावे: डब्ल्यू, आर, आय, जी, एच, टी. आज मुका असलेला डब्ल्यू आणि मधले जीएच हे दोन्ही ध्वनी एके काळी स्पष्ट उच्चारले जात. जीएचचा उच्चार घशातून निघणाऱ्या ‘ख’च्या जवळचा होता. हा शब्द ‘वर्क’च्याच कुळातला असून त्याचा अर्थ घडवणारा, कारागीर, त्यातही बहुधा लाकूडकाम करणारा, म्हणजे सुतार.

जोडनावांत पूर्वपदाचा अर्थ लावला की काम निम्मे होते. कार्टराइट म्हणजे गाडे बनवणारा. वेनराइटमधील ‘वेन’ म्हणजे अवजड मालाचा गाडा. आर्कराइटमधील ‘आर्क’ म्हणजे पेटी किंवा संदूक. मात्र अशा अर्थावरून त्या व्यक्तीचा व्यवसाय ठरवू नये, कारण आडनावे वंशपरंपरागत झाल्यावर धंदा बदलला तरी नाव टिकले. १७६९ मध्ये सूतकताईच्या यंत्राचे पेटंट घेणारे रिचर्ड आर्कराइट त्याआधी केशकर्तन आणि केसांचे टोप बनवण्याचा व्यवसाय करीत. पेट्यांशी त्यांचा संबंध नावापुरताच होता. (नाटककारासाठीच्या ‘प्लेराइट’ या शब्दातही हाच राइट आहे. तेथे ‘लिहिणे’ या अर्थाचे स्पेलिंग करण्याची चूक चांगले शिकलेले लोकही करतात.)

वापरताना ‘मिस्टर’ किंवा ‘डॉक्टर’ यांच्यापुढे आडनाव येते, पण ‘सर’पुढे पहिले नाव यायलाच हवे: ‘सर रिचर्ड’ किंवा ‘सर रिचर्ड आर्कराइट’ चालेल, ‘सर आर्कराइट’ हे सरळ चूक आहे. इंग्रजीत संपूर्ण कुटुंबाचा उल्लेख करताना ‘राइट’ला केवळ एस जोडावा. अपॉस्ट्रॉफी मालकी दाखवण्यापुरती ठेवावी. मराठीत मात्र ‘राइट कुटुंब’ किंवा ‘राइट बंधू’ असेच लिहिणे सहज वाटते.

सूचीत वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइट यांचे नाव ‘लॉइड’खाली शोधू नये. ते त्यांच्या आईच्या घराण्यातून आलेले मधले नाव आहे, आडनाव फक्त ‘राइट’. मराठी सूचीत ते ‘र’खाली सापडेल, इंग्रजी सूचीत मात्र आरखाली नव्हे, तर डब्ल्यूच्या जवळजवळ शेवटी.