माझ्या चित्रातला दिवा पेटत नव्हता

जलरंगात दिवा काढला की माझ्याकडून हमखास बिघडायचा. पिवळा लावायचा, फिका वाटला की वर पांढरा पोस्टर कलर, त्यावर पुन्हा पिवळा. शेवटी सगळं मळकट.

मग म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये सावंतवाडीचे चित्रकार सावळाराम हळदणकर यांचं निरांजन घेतलेल्या स्त्रीचं चित्र पाहिलं. हे जलरंग आहेत, हे समोर उभी असूनही पटेना. ज्योतीआड धरलेल्या हाताची बोटं आतून लालसर उजळलीत! डोळे किलकिले करून पाहिल्यावर कळलं, उजेड दिसतो तो भोवतीच्या अंधारामुळे.

घरी येऊन आधी नुसत्या बर्न्ट सिएना या तांबूस तपकिरी रंगात गडद-फिकं बसवलं. ज्योतीची जागा कोरीच ठेवली. जलरंगात पांढरा म्हणजे कागदच. मग रंगाचे पातळ हात, एकावर एक, मधे पूर्ण वाळू देऊन. (कागदाला हाताची मागची बाजू लावायची, गार लागला तर ओल आहे, थांबायचं.) कागद 300 जीएसएमचा, म्हणजे जाड घ्या, पातळ कागद फुगतो आणि खळग्यांत पाणी साचतं. चौथ्या हातानंतर मागचा अंधार गडद केला आणि दिवा पेटला!

बोटांतली ती लाली मात्र अजून साधत नाही. रोज रात्री मेणबत्तीपुढे हात धरून बघतेय.