बातमीचा फोटो काढणाऱ्याच्या बॅगेत काय असावं?

या कामात येऊ पाहणारे बहुतेक जण आधी विचारतात, ‘कॅमेरा कोणता घेऊ?’ माझं सांगणं असतं, एका भारी बॉडीत (म्हणजे लेन्सशिवायच्या नुसत्या कॅमेऱ्यात) सगळे पैसे घालू नका, दोन मध्यम बॉडी घ्या. एकीवर जवळचं टिपणारी २४-७० मिमी, दुसरीवर लांबचं टिपणारी ७०-२०० मिमी लेन्स. गाडीतून उतरलेला नेता बघता बघता हातभर अंतरावर येतो, तेव्हा लेन्स बदलत बसायला सवड नसते. दोन्ही बॉडींची घड्याळं सकाळीच जुळवून घ्या, नाहीतर नंतर फोटो क्रमाने लावता लावता नाकी नऊ येतात.

लेन्स शक्यतो एफ २.८ची घ्या; हा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं तोंड जास्त उघडतं. एफ ४पेक्षा तिच्यातून दुप्पट प्रकाश आत येतो. अंधुक सभागृहात हातवारे करत बोलणारा वक्ता स्थिर पकडायचा तर शटर १/५०० सेकंदाच्या आसपास लागतं, मग आयएसओ (कॅमेरा प्रकाशाला किती संवेदनशील आहे त्याचा आकडा) ३२०० किंवा ६४०० होतोच. होऊ द्या. त्यामुळे दाणे दिसणारा फोटो छापता येतो, हललेला नाही. आवाज नको म्हणून इलेक्ट्रॉनिक शटर लावलंत तर एलईडी दिव्यांखाली फोटोत आडवे पट्टे येऊ शकतात. कार्यक्रम सुरू होण्याआधी एक फोटो काढायचा, मोठा करून मागची भिंत नीट पाहायची. पट्टे दिसले तर मेकॅनिकल शटर आणि दिव्यांच्या लुकलुकण्याशी जुळवून घेणारं अँटी-फ्लिकर सेटिंग.

पण माझ्या मते खरी परीक्षा फोटो काढल्यानंतर सुरू होते. डेस्कवर, म्हणजे कार्यालयातल्या संपादकांकडे, वेळेत न पोहोचलेला फोटो कितीही सुंदर असला तरी त्या दिवशी बातमीच्या कामाचा नाही. म्हणून कार्ड रीडर, चार्ज केलेली पॉवर बँक आणि दोन वेगळ्या कंपन्यांची सिमकार्डं मी लेन्सइतकीच महत्त्वाची मानते. कॅमेऱ्यात दोन स्लॉट असतील तर दोन्ही कार्डांवर एकाच वेळी फोटो साठवा. ‘फोटो मिळाले’ असं डेस्ककडून कळेपर्यंत कार्ड फॉरमॅट करायचं नाही. पाठवायला जेपीईजी पुरते.

कॅप्शनचीही तयारी आधीच करता येते. ठिकाण, तारीख, कार्यक्रमाचं नाव आयपीटीसीच्या (फोटोच्या फाइलमध्येच माहिती साठवण्याच्या) रकान्यांत घरूनच भरून निघा. पत्रकार परिषदेत माणसं येऊन बसण्यापूर्वी टेबलावरच्या नावाच्या पाट्यांचे डावीकडून उजवीकडे फोटो घेऊन ठेवा. नावं अचूक मिळतात आणि धावपळीत कुणाला विचारत फिरावं लागत नाही. मात्र ऐन वेळी खुर्च्यांची अदलाबदल होते, म्हणून माणसं बसल्यावर एकदा पडताळून घ्या.

बाकी पावसाचं कव्हर, लेन्स पुसायचं कापड, घट्ट बसणारे बूट. भरलेल्या बॅटऱ्या डाव्या खिशात, संपलेल्या उजव्या. आणि गर्दीच्या मागे उभं राहावं लागणार असेल तर दोन पायऱ्यांची घडीची शिडी न्या, पण त्या जागी ती चालते का, हे आयोजकांना आदल्या दिवशीच विचारा.