करांद्याचे वेल पिवळे पडलेत, पण कडू-गोड एकत्र करू नका

मंडळी, दिवाळी झाली, कोकणात बांधावरचे, कुंपणावरचे करांद्याचे वेल आता पिवळे पडायला लागले असतील. करांदा म्हणजे या वेलाला वरच लागणारा, बटाट्यासारखा उकडून खायचा कंद. वेल हलवला की धप्प धप्प करांदे खाली येतात ना, काढायचा टाइम तोच. हिरव्या वेलाचे ओढून काढू नका, कोवळे करांदे बियाण्याला ठेवले तर सुरकुतून जातात.

मेन गोष्ट, प्रत्येक वेलाचा ढीग वेगळा ठेवा. गोड आणि कडू करांदा बघून पटकन कळत नाही, मी एकदा सगळे एकाच पाटीत टाकले, अख्खं पातेलं कडूजहर झालं आणि आईने काय ऐकवलं ते इथे लिहीत नाही. ढिगातला एक उकडून चिमूटभर जिभेवर ठेवा, कडू लागला तर थुंका आणि त्या वेलाच्या आधाराला लाल चिंधी बांधा.

कडू करांदे डोंगरातले लोक खातात, पण सोलून पातळ काप करून, राख घालून उकडून, मग टोपलीत भरून रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवून. एवढं केल्यावरही कडवट लागला तर सरळ फेका, त्यातले घटक लिव्हरला बाधतात. औषधी आहे म्हणून कच्चा चावायचे प्रकार तर नकोच.

रानातून आणणार असाल तर पानं गळायच्या आत वेल ओळखून ठेवा, नंतर नुसती दोरी उरते. करांद्याचं पान एकेक, मोठं, पिंपळाची आठवण करून देणारं. एका देठाला तीन पानं आणि वेलाला काटे दिसले तर तो वैचाकंद, विषारी, त्याच्या वाटेला जाऊ नका.

बियाण्याला लिंबाएवढे, न दुखावलेले करांदे निवडा, राख चोळून माळ्यावर टोपलीत पसरून ठेवा, फ्रिजमध्ये अजिबात नको. मे महिन्यात आपोआप कोंब दिसतात, मग पावसाच्या तोंडावर शेणखत घालून शेवग्याच्या किंवा आंब्याच्या बुंध्याजवळ लावा. जमिनीतला कंद राहू द्या, पुढच्या वर्षी त्यालाच वेल फुटतो, फक्त वर काटेरी फांद्या टाका नाहीतर साळिंदर उकरून खातंय.

आणि गोडवाले सालासकट मीठ घालून उकडा, साल नंतर काढा, आधी सोललेत तर हात चिकट होतात आणि चवही पाण्यात जाते.