टीम मिळून व्हिलनचा डाव उधळते, तो सीन फसतोय? या चुका टाळा

स्वतःची मंगा (जपानी कॉमिक) स्टाइल कॉमिक काढणारे किंवा फॅनफिक (आवडत्या कथेवरून स्वतः रचलेली गोष्ट) लिहिणारे बरेच जण इथेच अडकतात. सगळे मित्र जमले, व्हिलन आपटला, दोन पानं भरून स्फोट झाला, तरी वाचणारा म्हणतो "बरं, मग?" उदाहरण सगळीकडे एकच घेतोय, ओडांच्या वन पीस या समुद्री चाच्यांच्या मंगातला अलाबास्टा आर्क, म्हणजे अलाबास्टा राज्यात घडणारा कथाभाग (चॅप्टर 155 ते 217), वाचला नसेल तर स्पॉयलर आहेत हां. लुफी हा हिरो, झोरो, सांजी, नामी, उसॉप, चॉपर ही त्याची टोळी, आणि विवी तिथली राजकन्या.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे फायटिंग आधी ठरवायची आणि व्हिलनचा डाव नंतर कसातरी चिकटवायचा. मग डाव म्हणजे एक मशीन, एक बटण, हिरोने तोडलं की खल्लास, बाकीच्यांनी करायचं काय? इथला व्हिलन क्रोकोडाइल, त्याचा डाव बघा. डान्स पावडरचा (पाऊस पाडणारी, पण शेजारचा पाऊस पळवणारी पूड) आळ राजावर, म्हणजे दुष्काळाचा राग राजावर, मग त्याचा गुंड मिस्टर 2 राजाचा चेहरा घेऊन नानोहाना शहरात जातो आणि बंडखोर पेटतात, दोन्ही सैन्यं राजधानी अलुबार्नात एकमेकांवर तुटून पडली की साडेचारला चौकात बॉम्ब, आणि हे सगळं कशासाठी तर प्लुटन नावाचं प्राचीन शस्त्र. एवढ्या गाठी आहेत म्हणून तर एवढ्या माणसांना काम मिळतं. आणि शस्त्राची गाठ तर मित्राने सोडवलीच नाही, क्रोकोडाइलचीच पार्टनर रॉबिन शस्त्राची माहिती असलेला शिलालेख वाचून खोटं बोलते, तिथेच त्याचा डाव आतून पोकळ होतो.

दुसरी चूक, प्रत्येकाने आपापला गुंड हरवला की झालं टीमवर्क. नाही हो. झोरोने मिस्टर 1 ला हरवलं, सांजीने मिस्टर 2 ला, भारीच फाइट्स आहेत, पण त्याने युद्ध थांबलं का? खरी एकजूट घड्याळाच्या टॉवरपाशी दिसते. बॉम्ब वर, वेळ संपत आलेली, मग नामी आपल्या काठीने चॉपर आणि विवीला वर उडवते, सांजी लाथेने आणखी वर ढकलतो, झोरो तलवारीच्या सपाट बाजूने (रस्ता चुकण्यात उस्ताद असलेला हा माणूस नेमका हवा तिथे, हा जोक पण मस्त), शेवटी चॉपर विवीला फेकतो आणि बॉम्ब डागणाऱ्यांना विवी आडवं करते. यातला एक जण काढून सीन परत वाचा, विवी वर पोचतच नाही. तुमच्या सीनला हीच टेस्ट लावा, पात्र खोडल्यावरही सगळं तसंच घडत असेल तर ते पात्र नुसतं गर्दीला आहे.

मदत अचानक आभाळातून पडते ही पण नेहमीची तक्रार. त्यावर उपाय एकच, आधी पेरा. मिस्टर 2 कोणाचाही चेहरा घेतो हे कळल्यावर सगळे डाव्या हातावर खूण करून वर पट्टी बांधतात, ते तेव्हा किरकोळ वाटतं, पण नंतर तो उसॉपचा चेहरा घेऊन विवीजवळ येतो तेव्हा पट्टीखालची तीच खूण तिला वाचवते. नामीची काठी पण उसॉपने बनवलेली, सुरुवातीला पार्टीतल्या खेळण्यासारखी वाटते. लुफीचंही तसंच, दोनदा हरतो, दरम्यान कळतं की क्रोकोडाइल वाळूचा होतो, पण पाण्याने त्या वाळूला पकडता येतं.

व्हिलन शेवटी बावळट होतो असं कोणी म्हणालं तर त्याला बॅकअप द्या. क्रोकोडाइलने बॉम्बला टायमर लावलेला, त्यामुळे विवी जिंकूनही हरते, आणि मग राज्याचा रक्षक, बहिरी ससाणा होणारा पेल बॉम्ब उचलून आकाशात जातो. एका हुशार व्हिलनमुळे आणखी एका मित्राला जागा मिळाली. आणि बॉम्ब गेला तरी खाली मारामारी चालूच, विवीचा आवाज कोणाला ऐकूच जात नाही, क्रोकोडाइल पडल्यावर पाऊस येतो, धूळ बसते, तेव्हा कुठे लोक तिचं ऐकतात. हा भाग घाईत उरकू नका, डाव मोडणं वेगळं आणि त्याने केलेलं नुकसान थांबणं वेगळं.

आता एक चूक जी इथे ओडांनीच केली असं माझं मत, भांडायला तयार आहे. एवढं बलिदान दिलेला पेल नंतर जिवंत निघतो, स्वतःच्याच थडग्यासमोर उभा. मी फॅन आहे तरी सांगतो, तुमच्या कथेत असं करायचंच असेल तर त्याची काहीतरी किंमत ठेवा, हात जाऊ दे, पंख जाऊ दे, नाहीतर पुढच्या वेळी कोणी जीव द्यायला निघालं की वाचणारे सरळ पान उलटतात.