हायस्कूलमधली मुलं आणि घराचं वर्ष: या चुका टाळा

घरात हायस्कूलच्या वयाची एक-दोन मुलं असली की वर्षभर कशावरून तरी वाजत असतं. कधी आळस, कधी मोबाइल, कधी उलट उत्तरं. पण कोणत्याही भांडणाच्या मुळाशी जाऊन बघा, बहुतेकदा तिथे कुणीच न मोजलेला वेळ सापडतो. वेळापत्रकात प्रॅक्टिस दीड तासाची लिहिलेली असते. तिच्यासाठी तयार होणं, जाणं, येणं, अंघोळ आणि ‘पाच मिनिटं पडतो’ म्हणून गेलेला अर्धा तास कुठेच लिहिलेला नसतो. वर्ष विस्कटतं ते या न लिहिलेल्या वेळामुळे.

होकार आधी, हिशोब नंतर

सत्र सुरू होताना सगळे उत्साहात असतात, फॉर्म भराभर भरले जातात. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात गृहपाठाचा खरा भार सुरू होतो आणि सगळं अंगावर येतं. म्हणून फॉर्मवर सही करण्याआधी कागद-पेन घेऊन मुलासोबत बसा.

आठवड्याचे तास १६८. झोप रोज ९ तास धरली तर ६३. शाळा जाण्यायेण्यासह ४०. गृहपाठ आठवड्यातले ६ दिवस दोन-दोन तास, म्हणजे १२. जेवणखाण, अंघोळ, आवराआवर रोज दोन तास, म्हणजे १४. इथपर्यंत १२९ झाले, उरले ३९. आता फुटबॉलची प्रॅक्टिस आठवड्यातून ४ दिवस. कागदावर ती ६ तासांची आहे. घरातून निघाल्यापासून अंघोळ करून टेबलाशी बसेपर्यंतचा वेळ पावणेतीन तास धरला तर ११. सामन्याचा दिवस ६ तास खातो. संगीताचा वर्ग दोनदा, जाऊन-येऊन ४. उरले १८. त्यात आठवड्याला ९ तासांची शिकवणी घातली की ९ उरतात, म्हणजे दिवसाला सव्वा तास. मित्र, घरकाम, भावंडं, फोन, आजारपण आणि नुसतं लोळणं, सगळं या सव्वा तासात बसवायचं.

लोळणं हाही वेळापत्रकाचा भाग आहे, हे आवर्जून सांगावंसं वाटतं. आठवड्याला निदान १० तास रिकामे राहिले नाहीत तर एक साधा ताप किंवा पुढे ढकललेला एक सामना सगळा आठवडा पाडतो. हिशोब १० च्या खाली गेला तर काहीतरी कमी करा आणि काय कमी करायचं ते मुलालाच ठरवू द्या. आईवडिलांनी काट मारली की त्याच गोष्टीचा हट्ट वाढतो.

अंदाज मात्र मनाने करू नका. डॅनियल काहनेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये दाखवून दिलं की कामाला लागणारा वेळ माणसं सातत्याने कमी धरतात, आधीचा अनुभव वेगळं सांगत असला तरीही. एक आठवडा निघण्याची आणि परतण्याची खरी वेळ लिहून ठेवा आणि जो आकडा येईल त्यात १५ मिनिटं घाला.

तीन कॅलेंडरं, तीन सत्यं

आईच्या फोनमध्ये एक, फ्रिजवर दुसरं आणि तिसरं मुलाच्या डोक्यात. ‘मी सांगितलं होतं’ आणि ‘कुणी सांगितलंच नाही’ ही दोन्ही वाक्यं अशा घरात खरी असू शकतात. कागदाचं असो की फोनमधलं सामायिक, अंतिम कॅलेंडर एकच ठेवा. भिंतीवरचं हवंच असेल तर ती फक्त नक्कल आहे आणि ती रविवारी ताजी होते, हे सगळ्यांना माहीत असू द्या.

नोंद ज्याची त्याने करायची. चौदा वर्षांच्या मुलाच्या परीक्षा आईने लिहीत बसलं की परीक्षा आईची होते. जिथे सोडायला किंवा आणायला कुणीतरी लागणार आहे, ती गोष्ट ४८ तास आधी कॅलेंडरवर यायला हवी. उशिरा आली तर ‘जमलं तर बघू’. हा नियम मोठ्यांनाही लागू. आईबाबांची उशिराची मीटिंग आणि बाहेरगावचे दौरे मुलांना तिथेच दिसले पाहिजेत.

याहून मोठी चूक म्हणजे फक्त शेवटची तारीख लिहिणं. ‘विज्ञान प्रकल्प, २० तारीख’ एवढीच नोंद असेल तर प्रकल्प १९ च्या रात्री सुरू होतो. तारखेवरून मागे या: १८ ला छपाई आणि चिकटवणं, १५ ला लिखाण पूर्ण, १० ला साहित्य घरात, ६ ला विषय पक्का. या चारही नोंदी कॅलेंडरवर हव्यात, साहित्य आणण्याची तर नक्कीच. रात्री साडेनऊला पुठ्ठा लागतो तो याच नोंदीअभावी.

रविवारी संध्याकाळी २० मिनिटं सगळ्यांनी मिळून पुढचा आठवडा बघा. त्या वेळी गुण, खोलीतला पसारा, वागणं यातलं काहीही काढायचं नाही. कोण कुठे, कधी, कसं जाणार आणि परत कोण आणणार, इतकंच बोला. दोघांना एकाच वेळी दोन टोकांना पोचवायचं असेल तर ते रविवारी कळलं पाहिजे, म्हणजे संघातल्या दुसऱ्या पालकाला विचारायला वेळ मिळतो. या बैठकीत एकदा बोलणी बसली की पुढच्या रविवारी कुणी टेबलाशी येत नाही.

झोपेतून वेळ काढणं

सगळ्यात महाग पडणारी चूक ही. १३ ते १८ वर्षांच्या मुलांना रोज ८ ते १० तास झोप लागते, अशी अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनची २०१६ ची शिफारस आहे. त्यात वयात येताना शरीराचं घड्याळच पुढे सरकतं. झोपेची चाहूल देणारं मेलाटोनिन रात्री उशिरा स्रवू लागतं, त्यामुळे लहानपणी नऊला पेंगणाऱ्या मुलाला अकरापर्यंत खरोखरच झोप येत नाही. हा हट्ट किंवा बेशिस्त समजून रागावण्यात काही हशील नाही. शाळा लवकरची असेल तर मूल दोन्हीकडून कात्रीत सापडतं. म्हणूनच अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सने २०१४ मध्ये सुचवलं की मोठ्या मुलांच्या शाळा साडेआठच्या आधी सुरू होऊ नयेत.

शाळेची वेळ आपल्या हातात नसते. जे हातात आहे ते असं: उठायची वेळ सव्वासहा असेल तर साडेआठ तासांसाठी पावणेदहाला झोप लागायला हवी, म्हणजे सव्वानऊपासून दिवे मंद आणि स्क्रीन बंद. आज बाराला झोपणाऱ्या मुलाला उद्या पावणेदहाला झोपवता येत नाही. दर दोन-तीन दिवसांनी १५ मिनिटं मागे या. बाराहून पावणेदहापर्यंत यायला साधारण तीन आठवडे लागतात. या काळात सकाळचा उजेड डोळ्यांवर पडू द्या, त्याने घड्याळ लवकर मागे येतं.

बसवलेली घडी बिघडते ती सहसा तीन कारणांनी. सुट्टीच्या दिवशी दुपारी बारापर्यंत झोपलं की सोमवारी दुसऱ्या देशातून प्रवास करून आल्यासारखं होतं, म्हणून रोजच्या वेळेपेक्षा तासाभराहून जास्त उशीर नको. दुसरं, संध्याकाळची कॉफी किंवा एनर्जी ड्रिंक. शरीरातलं निम्मं कॅफिन बाहेर पडायला सुमारे ५ तास लागतात, म्हणजे पाचला प्यायलेल्यातलं निम्मं दहा वाजता अंगात असतंच. आणि तिसरा फोन. ‘गजर फोनमध्येच आहे’ हे कारण पुढे येणारच, तेव्हा आधी साधं गजराचं घड्याळ आणा आणि मग सगळ्यांचे फोन रात्री खोलीबाहेर चार्जिंगला लावा. सगळ्यांचे म्हणजे आईबाबांचेही. मोठ्यांचा फोन उशाशी राहिला तर हा नियम आठवडाभरही टिकत नाही.

अभ्यास होतो, पण उतरत नाही

वेळ कमी असताना मुलं धडा पुन्हा पुन्हा वाचतात आणि रंगीत पेनांनी रेघा मारतात. ओळखीचं वाटू लागलं की आलं असं वाटतं. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा मात्र न बघता आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात जास्त राहिलं होतं. आदल्या रात्री घोकलेलं सकाळच्या चाचणीत चालतं आणि वार्षिक परीक्षेत दगा देतं, ते यामुळेच.

करायचं ते सोपं आहे. धडा एकदा नीट वाचायचा, पुस्तक मिटायचं आणि कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहायचं. मग पुस्तक उघडून राहिलेलं वेगळ्या रंगात भरायचं. असंच तिसऱ्या दिवशी, सातव्या दिवशी आणि परीक्षेच्या आधी एकदा. एका फेरीला २० ते २५ मिनिटं पुरतात. सामन्यांच्या हंगामात सलग दोन तास मिळत नाहीत, पण अशा तुकड्यांत काम होतं. घरच्यांनी ‘अभ्यास झाला का?’ असं विचारण्याऐवजी तो कागद बघायला मागावा.

दारातच उलटतपासणी

मूल दारातून आत येतं तेव्हा भुकेलं आणि सात-आठ तास लोकांत राहून थकलेलं असतं. त्या क्षणी ‘पेपर कसा गेला?’ विचारलं की ‘बरा’ एवढंच उत्तर मिळतं आणि पुढचं भांडण तिथेच सुरू होतं. आधी खायला द्या, अर्धा तास जाऊ द्या. मुलं समोरासमोर बसून बोलत नाहीत तेवढी शेजारी बसून बोलतात, मग तो गाडीतला प्रवास असो, भांडी पुसणं असो की कपड्यांच्या घड्या. प्रश्न छोटा आणि नेमका असावा. ‘दिवस कसा होता?’पेक्षा ‘आज मैदानावर कुणाला खेळवलं?’ यावर जास्त बोललं जातं.

विसरलेली वस्तू घेऊन धावणं

डबा, बूट, वही शाळेत पोचवणं एकदा ठीक. दर आठवड्याला होत असेल तर मुलाला बोल लावण्याआधी घराची मांडणी बघा. बॅग रात्रीच भरून दाराशी ठेवलेली असावी आणि कपाटाच्या दाराला आतून दिवसवार यादी चिकटवलेली असावी: सोमवार बूट, मोजे, पाण्याची बाटली, मंगळवार वाद्य, स्वरलिपीची वही. मोज्यांच्या किमान तीन जोड्या ठेवा, कारण ओले मोजे बॅगेत राहून दुसऱ्या दिवशी तेच घालावे लागतात. एवढं करूनही विसरलं तर सत्रात दोन वेळा मदत, तिसऱ्यांदा नाही, हे आधीच सांगून ठेवा. औषध आणि चष्मा या नियमातून वगळा.

बुटांबद्दल एक. भर वाढीच्या काळात मुलं वर्षाला ८-९ सेंटिमीटर वाढतात आणि पाय त्याही आधी वाढू लागतात. दर तीन महिन्यांनी उभं राहून माप बघा. अंगठ्यापुढे साधारण एक सेंटिमीटर जागा नसेल तर बूट बदलायची वेळ झाली.

दुखणं अंगावर काढू देणं

‘खेळाडूला दुखतंच’ हे वाक्य या वयात धोक्याचं आहे. हाडं वेगाने वाढत असताना स्नायूबंध हाडांना ओढतात. गुडघ्याच्या वाटीखाली, पुढच्या उंचवट्यावर दुखत असेल तर तो बहुधा ऑस्गुड-श्लॅटर नावाचा, वाढीच्या वयातला गुडघ्याचा त्रास असतो. त्यात धावणं आणि उड्या कमी कराव्या लागतात. दोन आठवड्यांत उतरलं नाही, लंगडायला होतंय किंवा रात्री दुखण्याने जाग येतेय, तर डॉक्टरांना दाखवा. एकाच खेळाच्या सरावाचे आठवड्याचे तास मुलाच्या वयाच्या आकड्याहून जास्त नसावेत आणि आठवड्यातून निदान एक दिवस पूर्ण विश्रांती असावी, असा क्रीडावैद्यकातला सल्ला आहे. पंधरा वर्षांच्या मुलीचा सराव अठरा तासांवर गेला असेल तर प्रशिक्षकांशी बोलायला हवं, आणि ते बोलणं मोठ्यांनी करायचं. संघातून वगळतील या भीतीने मुलं स्वतःहून सांगत नाहीत.

खाण्याचंही तसंच. सरावाच्या दोन तास आधी पोटभर खाणं झालेलं असावं, नसेल तर निघताना निदान केळं. १४ ते १८ वर्षांच्या मुलींसाठी अमेरिकेत रोज १५ मिलिग्रॅम लोहाची शिफारस आहे. सतत थकवा, धाप आणि फिकटपणा दिसला तर ‘झोप कमी झाली असेल’ म्हणून सोडून देऊ नका, हिमोग्लोबिन तपासून घ्या.

दमणं आणि खचणं यात गल्लत

दमलेलं मूल दोन दिवस मोकळे मिळाले की ताळ्यावर येतं. खचलेलं येत नाही. आवडती गोष्टही नको वाटणं, मित्रांना टाळणं, झोप किंवा भूक एकदम बदलणं, गुण घसरणं आणि त्याची फिकीरही न वाटणं हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं तर वेळापत्रक दुरुस्त करत बसू नका, डॉक्टर किंवा समुपदेशक गाठा. मरणाचं किंवा स्वतःला इजा करण्याचं बोलणं निघालं तर दोन आठवडेही थांबायचं नाही, त्याच दिवशी मदत घ्यायची आणि मुलाला एकटं सोडायचं नाही. थेट विचारल्याने मुलाच्या डोक्यात तो विचार पेरला जात नाही. स्पष्ट शब्दांत विचारा.

धाकट्याला गृहीत धरणं

मोठीचे सामने, मोठीच्या परीक्षा, आणि धाकटा प्रत्येक वेळी मागच्या सीटवर. महिन्यातून एक दुपार फक्त त्याची म्हणून कॅलेंडरवर आधीच लिहा आणि मोठीचा सामना पुढे ढकलला गेला तरी ती हलवू नका.

पुढच्या वर्षाचे फॉर्म घाईत भरणं

नव्या वर्षाच्या नोंदण्या बहुतेकदा जुनं वर्ष संपायच्या आधीच सुरू होतात, तेव्हा सगळे थकलेले असतात आणि ‘मागच्यासारखंच’ म्हणून मोकळे होतात. सही करण्याआधी तासभर काढून सरत्या वर्षाचं कॅलेंडर सगळ्यांसमोर ठेवा. ऐन वेळी रद्द झालेल्या गोष्टींवर एका रंगाची खूण करा, आजारपणाचे दिवस दुसऱ्या रंगाने. अंतिम सामने आणि सत्रपरीक्षा ज्या आठवड्यांत एकत्र आल्या, तिथे खुणांची गर्दी दिसेल. ते आठवडे पुढच्या वर्षाच्या कॅलेंडरवर आजच राखून ठेवा: त्यांत पाहुणे नाहीत, प्रवास नाही, दाताच्या डॉक्टरांची वेळही नाही. मग पेन मुलांच्या हातात द्या आणि कोणती एक गोष्ट पुढे चालू ठेवायची नाही त्यावर त्यांनाच रेघ मारू द्या.